विसाहून अधिक नायक एका चित्रपटात मावतात आणि सहा नायक मावत नाहीत, असे का?

सांजवेळ

नमस्कार. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'जस्टिस लीग' प्रदर्शित झाला आणि त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, एप्रिल २०१८ मध्ये, 'ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' आला. हे दोन्ही चित्रपट अलीकडे लागोपाठ पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले, की दोन्हींच्या कथेचा सांगाडा जवळजवळ एकच आहे. परग्रहावरून एक महाबली आक्रमक येतो, ठिकठिकाणी विखुरलेल्या अफाट शक्तीच्या वस्तू एकेक करून हस्तगत करत जातो, आणि त्या सगळ्या त्याच्या हाती लागण्याआधी त्याला अडवणे हे नायकांचे काम असते. एकीकडे तीन 'मदर बॉक्स' आहेत, दुसरीकडे सहा 'इन्फिनिटी स्टोन्स'. पहिल्यात नायक सहा आहेत, दुसऱ्यात विसाहून अधिक. सहा जणांना न्याय देणे सोपे आणि विसांना देणे अशक्यप्राय असायला हवे होते. प्रत्यक्षात पहिला चित्रपट विस्कळीत वाटतो आणि दुसरा शेवटपर्यंत धरून ठेवतो.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर मला ठाऊक आहे. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून दहा वर्षे पात्रांची पायाभरणी झाली होती आणि 'इन्फिनिटी वॉर' हा मार्व्हलच्या त्या मालिकेतला एकोणिसावा चित्रपट होता. हे खरे असले तरी मला ते पुरेसे वाटत नाही. २०१५ च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'लाही त्या पायाभरणीचा मोठा भाग उपलब्ध होता, तरीही त्यातला खलनायक अल्ट्रॉन हा 'इन्फिनिटी वॉर'मधल्या, विश्वातले अर्धे जीव नाहीसे करू पाहणाऱ्या थॅनोससारखा मनात घर करत नाही. शिवाय खुद्द थॅनोस त्याआधीच्या चित्रपटांत काही क्षणांपुरताच दिसला होता. त्याची खरी ओळख याच चित्रपटात घडते.

मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एकांकिका बसवते आणि दहा-बारा पात्रांची संहिता हातात घेतली की नेमकी हीच अडचण समोर येते. अनेक नायकांच्या कथेत खलनायकाकडे असे काय असावे लागते, ज्यामुळे ते सगळे एकाच कथेतले वाटतात? (या चर्चेत दोन्ही चित्रपटांचे शेवट उघड होणारच. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी कृपया आधी पाहावेत.)

उत्तररंग

सांजवेळताई, आपण सांगाड्याची तुलना केलीत ते फार बरे झाले, कारण उत्तर तिथेच सापडते. अनेक नायकांच्या कथेत खलनायकाचे बळ किंवा त्याचे क्रौर्य दुय्यम असते असे माझे मत आहे. त्याने सगळ्या नायकांपुढे एकच प्रश्न टाकावा लागतो, आणि तो प्रश्न असा असावा लागतो की त्याचे उत्तर प्रत्येकाला आपापल्या स्वभावातून आणि आपापली किंमत मोजून द्यावे लागेल.

'इन्फिनिटी वॉर'मध्ये तो प्रश्न असा आहे: ज्याच्यावर तुमचे प्रेम आहे त्याचा प्राण देऊन तुम्ही बाकीच्यांना वाचवाल का? चित्रपट याच प्रश्नाने उघडतो. थॅनोस थॉरला यातना देत त्याच्या भावाला, लोकीला, विचारतो, की टेसरॅक्ट (ज्यात एक इन्फिनिटी स्टोन आहे) हवा की भाऊ हवा. लोकी आधी बेफिकिरीचा आव आणतो, पण भावाची किंकाळी त्याला सहन होत नाही आणि तो टेसरॅक्ट देऊन टाकतो. पुढे थॅनोसची मानलेली मुलगी गमोरा तिच्या प्रियकराकडून, पीटर क्विलकडून, वचन घेते, की आपण थॅनोसच्या हाती लागलो तर त्याने आपल्याला ठार मारावे. तो प्रसंग खरोखरच येतो, क्विल रडत रडत चाप ओढतो, आणि थॅनोस रिॲलिटी स्टोनच्या जोरावर त्याच्या बंदुकीतून नुसते बुडबुडे बाहेर पाडतो. बहीण नेब्युलाचे हाल पाहवत नाहीत म्हणून गमोरा सोल स्टोनचा ठावठिकाणा सांगते. डॉक्टर स्ट्रेंज टोनी स्टार्कला (आयर्न मॅनला) आधीच बजावून ठेवतो, की वेळ आली तर मी तुला मरू देईन पण टाइम स्टोन देणार नाही. आणि टायटनवर, म्हणजे थॅनोसच्या मूळ ग्रहावर, तोच स्ट्रेंज स्टार्कच्या प्राणांसाठी तो स्टोन स्वाधीन करतो. कपाळावर एक स्टोन असलेला व्हिजन स्वतःच्या नाशाची तयारी दाखवतो, तेव्हा स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) त्याला सांगतो की आपण जिवांचा सौदा करत नसतो, आणि त्या एका भूमिकेपायी वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाची संपूर्ण सेना रणांगणात उतरते. शेवटी त्याची प्रेयसी वांडा स्वतःच्या हातांनी व्हिजनच्या कपाळावरचा स्टोन फोडते. थॅनोस काळ मागे फिरवतो आणि तो मृत्यू तिला दुसऱ्यांदा पाहायला लावतो.

हे सगळे प्रसंग वेगवेगळ्या ग्रहांवर घडतात. वांडा आणि क्विल यांची या चित्रपटात गाठही पडत नाही. तरीही प्रेक्षकाला ते दोघे एकाच दुःखाचे वाटेकरी वाटतात, कारण दोघांपुढे तोच पेच आहे. पडद्यावर किती वेळ मिळाला यावर पात्राला मिळालेला न्याय ठरत नाही; त्या प्रश्नापुढे ते पात्र एकदा तरी एकटे उभे राहिले का, यावर तो ठरतो.

आणि आता थॅनोस. त्याचे वेगळेपण असे, की ज्या प्रश्नाने तो इतरांना धारेवर धरतो तो वॉर्मिर या ग्रहावर त्यालाही विचारला जातो. सोल स्टोन हवा असेल तर प्रिय व्यक्तीचा बळी द्यावा लागेल, असे त्याला सांगितले जाते. गमोरा हसते, कारण या माणसाचे कोणावरही प्रेम नाही आणि अखेर विश्वानेच त्याचा निवाडा केला, असे तिला वाटते. मग तिला त्याच्या डोळ्यांतले पाणी दिसते आणि तिचे हसू विरते. तो प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी माझ्या अंगावर काटा येतो. जॉश ब्रोलिनने तो जवळजवळ न हलता साकारला आहे, आणि चेहरा संगणकाने घडवलेला असूनही आपण त्या कढाकडेच पाहत राहतो. आपण लादलेला नियम स्वतःही पाळणारा खलनायक मला इतर कोणत्याही सुपरहीरो चित्रपटात इतक्या ठळकपणे दिसलेला नाही.

मूळ कॉमिक्सशी तुलना केली की पटकथाकारांनी काय साधले ते अधिक स्पष्ट होते. जिम स्टार्लिन यांनी १९७३ मध्ये निर्माण केलेला थॅनोस मृत्यूच्या प्रेमात आहे. तिथे मृत्यू ही स्त्रीरूपातली व्यक्ती आहे, आणि १९९१ च्या 'इन्फिनिटी गाँटलेट' या मालिकेत तो तिला प्रसन्न करण्यासाठी अर्धे विश्व नष्ट करतो. कागदावर ती कल्पना भव्य आहे. परंतु पडद्यावर ते प्रेम त्याची खाजगी बाब राहिले असते. त्याच्याशी स्टार्कचे, वांडाचे किंवा स्टीव्हचे काहीच देणेघेणे नसते. 'थोडे मारून बाकीचे वाचवू' हा हिशेब मात्र प्रत्येक नायकाच्या दारात येऊन उभा राहतो.

याउलट २०१७ च्या 'जस्टिस लीग'मधला खलनायक स्टेपनवुल्फ कोणाला काहीच विचारत नाही. फ्लॅशचे वडील तुरुंगात आहेत, ॲक्वामॅनच्या मनात आईबद्दल अढी आहे, सायबॉर्गला स्वतःच्या शरीराची घृणा वाटते. या तिन्ही दुःखांना स्टेपनवुल्फच्या येण्याने धक्काही लागत नाही. मेलेला सुपरमॅन परत आला की लढाई एकतर्फी होते आणि चित्रपट संपतो.

नीरक्षीर

उत्तररंग यांचे मुख्य प्रतिपादन मला मान्य आहे, पण त्यातली एक बाजू निसटली आहे आणि ती निसटली तर थॅनोसचे आकलन चुकते. क्विल आणि वांडा शस्त्र उचलतात ते समोरच्या प्रिय व्यक्तीच्या विनंतीवरून. गमोराने स्वतः वचन घेतले होते, व्हिजनने स्वतः आर्जव केले होते. वॉर्मिरवर मात्र गमोरा प्रतिकार करत असताना, ओरडत असताना तिला कड्यावरून लोटले जाते. म्हणजे बळी तिघेही देतात, परंतु ज्याचा बळी जातो त्याची संमती फक्त थॅनोसला आवश्यक वाटत नाही. तो नियम स्वतःही पाळतो असे म्हणताना त्या नियमाची किंमत दुसऱ्यानेच चुकती केली, हे विसरता कामा नये. हे प्रेम नाही, असे गमोरा त्याला स्पष्ट सांगते, आणि चित्रपटाचा निवाडा माझ्या मते तिच्याच बाजूचा आहे.

मी हे आग्रहाने मांडतो, कारण 'थॅनोसचे म्हणणे बरोबरच होते' असे सांगणारे पुष्कळ लोक भेटतात. त्यांनी एक साधा हिशेब करून पाहावा. १९७४ च्या सुमारास पृथ्वीची लोकसंख्या सुमारे ४०० कोटी होती आणि २०२२ मध्ये ती ८०० कोटींवर पोहोचली. म्हणजे अर्धी माणसे नाहीशी करून पृथ्वी १९७० च्या दशकात परत जाते, आणि तीच गती राहिली तर पन्नास वर्षांच्या आत पुन्हा होती तिथे येते. ज्याच्या हातात संपूर्ण सृष्टी बदलण्याचे सामर्थ्य आहे तो साधनसंपत्ती दुप्पट का करत नाही, हा प्रश्न तर शाळकरी मुलेही विचारतात. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि अनर्थ अटळ असतो, हा विचार माल्थस यांनी १७९८ मध्ये मांडला होता. त्यानंतरच्या दोन शतकांत माणसे कैक पटींनी वाढली आणि शेतीचे उत्पादन त्याहूनही वेगाने वाढले. थॅनोसपर्यंत ती बातमी पोहोचलेली दिसत नाही.

मग एवढा कच्चा युक्तिवाद करणारा खलनायक इतका प्रभावी का ठरतो? कारण तो युक्तिवाद करतच नाही, तो एक जुनी जखम घेऊन फिरतो. टायटनवर त्याचा प्रस्ताव फेटाळला गेला, त्याला वेडा ठरवले गेले आणि त्याचा ग्रह उजाड झाला. मेलेल्यांना आता 'मी बरोबर होतो' हे सांगता येत नाही, म्हणून तो ते सगळ्या विश्वाला सांगत सुटला आहे. करुणेच्या वेषातला हा अहंकार आहे, आणि त्याला स्वतःला मात्र ती करुणाच वाटते.

म्हणूनच 'इन्फिनिटी वॉर'च्या पुढच्या भागातला, २०१९ च्या 'एंडगेम'मधला, कालप्रवास करून २०१४ सालातून आलेला थॅनोस उथळ झाला ही सर्रास केली जाणारी तक्रार मला पटत नाही. मागे उरलेले लोक मेलेल्यांना विसरायला तयार नाहीत हे कळताच तो ठरवतो, की आता संपूर्ण विश्वच पुसून टाकायचे आणि कृतज्ञ राहील असे नवे निर्माण करायचे. त्याला जग वाचवायचे नव्हते, जगाकडून आभार हवे होते. पहिल्या चित्रपटात झाकलेली गोष्ट इथे उघडी पडते, आणि हे उघडे पडणे मला त्या दोन्ही चित्रपटांतले सर्वांत प्रामाणिक लेखन वाटते.

पडद्यामागे

वरच्या दोन्ही प्रतिसादांत आशयाची बाजू उत्तम आली आहे. ताईंना एकांकिका बसवायची आहे, म्हणून मी बांधणीबद्दल लिहितो.

१४९ मिनिटांत विसाहून अधिक नायक सांभाळताना 'इन्फिनिटी वॉर'च्या पटकथेने त्यांना बहुतेक वेळ एकत्र येऊच दिलेले नाही. थॉर, रॉकेट आणि ग्रूट शस्त्र घडवायला निडाव्हेलिर या दूरच्या जगात जातात. स्टार्क, स्ट्रेंज आणि स्पायडरमॅन टायटनवर पोहोचतात आणि तिथे क्विलची मंडळी त्यांना मिळते. स्टीव्ह आणि बाकीचे वाकांडात मोर्चा लावतात. आणि थॅनोस-गमोरा ही चौथी स्वतंत्र तुकडी आहे. प्रत्येक तुकडीत मोजकी माणसे, एक ठरलेले काम आणि पूर्वी कधी न भेटलेली एखादी जोडी. स्टार्क आणि स्ट्रेंज यांचे अहंकार एकमेकांवर आदळतात, थॉरपुढे क्विल उगाचच आवाज जाड करून बोलू लागतो, आणि अशा प्रसंगांतून जुनी पात्रे नव्या उजेडात दिसतात. पहिल्या काही मिनिटांतच थॅनोस हल्कला नुसत्या हातांनी लोळवतो. त्यानंतर त्याच्या सामर्थ्याबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही.

परंतु रंगमंचासाठी मी थॅनोसपेक्षा झीमोचा अभ्यास करा असे सुचवीन. २०१६ च्या 'सिव्हिल वॉर'मधला हा माणूस अंगात कोणतीही अद्भुत शक्ती नसलेला, दिसायला चारचौघांसारखा आहे. ॲव्हेंजर्सनी सोकोव्हिया या त्याच्या देशात केलेल्या लढाईत त्याचे वडील, पत्नी आणि मुलगा मारले गेले. नायकांना हरवणे आपल्या आवाक्यात नाही हे तो ओळखून असतो, म्हणून ते एकमेकांना हरवतील अशी व्यवस्था करतो. सायबेरियाच्या तळावर गोठवून ठेवलेले पाच महायोद्धे तो जागे करणार आणि मोठी लढाई जुंपणार, अशी प्रेक्षकाची समजूत करून दिलेली असते. प्रत्यक्षात त्याने त्या पाचही जणांना झोपेतच गोळ्या घालून संपवलेले असते. त्याला त्यांची गरजच नव्हती. १६ डिसेंबर १९९१ च्या रात्रीचे एक चित्रीकरण तो स्टार्कला दाखवतो, त्यात स्टीव्हचा जिवलग मित्र बकी स्टार्कच्या आईवडिलांचा जीव घेताना दिसतो, आणि पुढचे काम मैत्री, सूड आणि लपवलेले सत्य करतात. स्टीव्हला हे आधीपासून ठाऊक होते का, हा स्टार्कचा प्रश्न त्या हाणामारीपेक्षा जिव्हारी लागतो. एक खोली, तीन माणसे आणि एक पडदा एवढ्यावर हा प्रसंग रंगमंचावर उभा राहू शकतो.

२०१२ च्या पहिल्या 'ॲव्हेंजर्स'मध्येही असेच एक कौशल्य आहे. लोकी मुद्दाम पकडला जातो आणि नायकांच्याच उडत्या जहाजावर बंदी म्हणून येऊन बसतो. त्यामुळे चित्रपटाचा मधला मोठा भाग खलनायक आणि नायक एकाच छताखाली असतात, आणि त्याला काचेच्या कोठडीत बसूनही सगळ्यांना आपापसांत भांडायला लावता येते. खलनायक लांब किल्ल्यात बसून हुकूम सोडत असेल तर संवादाची ही संधीच हातची जाते.

सांजवेळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झीमोचा प्रसंग मी विद्यार्थ्यांना नक्की दाखवणार आहे. नीरक्षीर यांनी संमतीचा जो मुद्दा काढला, त्यामुळे वॉर्मिरचा प्रसंग मला नव्याने समजला.

एक उपप्रश्न विचारते. मार्च २०२१ मध्ये झॅक स्नायडर यांची 'जस्टिस लीग'ची २४२ मिनिटांची आवृत्ती आली. खलनायक तोच, नायक तेच, 'मदर बॉक्स'च्या पेट्याही त्याच. आणि तरी ती पाहताना मला कथा सांधलेली वाटली. उत्तररंग यांच्या विवेचनात ती कुठे बसते? की दुप्पट लांबी मिळाली म्हणूनच ती सुधारली?

उत्तररंग

नीरक्षीर यांची दुरुस्ती मी स्वीकारतो. संमतीचा तो भेद माझ्या मांडणीला आवश्यकच होता.

ताई, लांबीचा फायदा झाला हे खरे, पण तो कुठे झाला ते पाहण्यासारखे आहे. या आवृत्तीत स्टेपनवुल्फला एक हेतू मिळाला. तो त्याचा धनी असलेल्या डार्कसाइडच्या मर्जीतून उतरलेला आहे आणि आणखी ५०,००० जगे जिंकून दिल्याशिवाय त्याला घरी परतता येणार नाही. त्यामुळे त्याची कीव येते, मात्र तो नायकांना अजूनही काही विचारत नाही. प्रश्न विचारण्याचे काम त्या पेट्या करतात: जे गेले ते परत मिळवण्यासाठी तुम्ही काय द्याल? पेटीच्या शक्तीने सुपरमॅनला जिवंत करताना तो प्रश्न सगळ्यांपुढे येतो. शेवटी फ्लॅश काळाच्या उलट धावतो तेव्हा तोच प्रश्न येतो. आणि सायबॉर्गसाठी तर संपूर्ण चित्रपटच तो आहे. त्याचे वडील एका पेटीपायी डोळ्यांदेखत प्राण देतात, आणि अखेरच्या क्षणी पेट्या त्याला धडधाकट शरीर आणि आईवडील परत देऊ करतात. तो नाकारतो. मी मोडलेला नाही आणि मी एकटा नाही, असे तो उत्तर देतो. २०१७ च्या आवृत्तीत त्याचे वडील जिवंत राहतात, त्यामुळे हे उत्तर देण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. म्हणून नवी आवृत्ती सायबॉर्गची कथा म्हणून उभी राहते आणि स्टेपनवुल्फ तिच्या कडेला राहतो.

आपल्या संहितेसाठी एक प्रयोग सुचवतो. खलपात्र पूर्ण काढून टाका आणि त्याच्या जागी पूर, भूकंप किंवा आकाशातून कोसळणारा एखादा धूमकेतू ठेवून पात्रांचे निर्णय पुन्हा वाचा. २०१७ च्या 'जस्टिस लीग'मध्ये असा धूमकेतू ठेवला तर नायकांना जवळजवळ काहीच वेगळे करावे लागत नाही. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये मात्र लोकी, गमोरा, स्ट्रेंज आणि वांडा यांचे प्रसंग लिहिताच येत नाहीत, कारण धूमकेतू कोणाशी सौदा करत नाही. आपल्या दहा-बारा पात्रांपैकी ज्यांचे निर्णय या प्रयोगात जसेच्या तसे राहतील, त्यांचा आणि खलपात्राचा एक तरी समोरासमोरचा प्रसंग लिहून पाहावा, आणि तो लिहिताना त्या पात्राकडून खलपात्राला नेमके काय हवे आहे ते आधी ठरवावे.